एकदा नोंद केली की पुरे

९ जानेवारी २०२२

प्रिय अक्का,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. आधीच सांगतो, कुणी आजारी नाही, कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. काम आहे. तू मेल उघडत नाहीस, आणि फोनवर "पत्रात लिही, मी सावकाश वाचते" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हा खटाटोप.

आमच्या कंपनीला एका शोध कार्यालयाची वेबसाइट करायची आहे. पुरात, लढाईत, पळापळीत ताटातूट झालेल्या माणसांना शोधून देणारं हे कार्यालय. आपलं माणूस हरवलंय त्यानं नोंद करायची, की त्याची फाईल उघडते. दुसऱ्या बाजूनंही कुणी तशीच नोंद केली की दोन फायली जुळवून बघतात. साइट पाच भाषांत हवी आहे, आणि पाचवी आपली! चार भाषांना भाषांतर करणारी एजन्सी मिळाली. आपल्या भाषेला कुणी मिळेना, तेव्हा बैठकीत मी हात वर केला. म्हटलं, माझी आतेबहीण तीस वर्षं पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासत होती. तिच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही.

सगळी पानं सोबत छापून पाठवतोय. तीन आठवड्यांत होईल ना? चार वर्षं तुझ्या घरी राहून कॉलेज केलं, तुझ्या हातचं खाल्लं आणि तुझी बोलणीही खाल्ली. आता थोडं कामही खाऊ घाल.

तुझा,
भुंग्या

*

२३ जानेवारी २०२२

चि. भुंग्यास आशीर्वाद.

तीन आठवडे म्हणालास, त्यातला एक पोस्टानं खाल्ला. अठरा ताव सोबत आहेत. एका अंगाला लिहिलेत, मागची बाजू तुझ्या कंपनीच्या शहाण्यांना डोकं खाजवायला ठेवली आहे.

आता माझं ऐक. पहिल्या पानावर भाषा निवडायला तुम्ही झेंडे लावलेत. भाषेला कुठला रे झेंडा? आपली भाषा बोलणारी माणसं दहा देशांत विखुरली आहेत, त्यांनी कुठल्या फडक्यावर बोट ठेवायचं? भाषेचं नाव लिहा, आणि ज्या त्या भाषेच्या अक्षरात लिहा.

दुसरं. माणूस जिथे बसलाय तो देश बघून साइट आपणहून भाषा बदलते म्हणे. बाई परक्या गावात राहायला गेली म्हणून तिची जीभ बदलली का? तिला विचारा, तिच्या वतीनं ठरवू नका. आणि आतल्या पानावर भाषा बदलली की तुम्ही माणसाला पार पहिल्या पानावर नेऊन सोडता. दुकानात "दुसरा रंग दाखवा" म्हटलं तर गिऱ्हाइकाला दाराबाहेर काढतात का? त्याच पानावर राहू दे त्याला.

आडनावाच्या चौकटीला लाल चांदणी आहे, म्हणजे ते भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ज्याला आडनावच नाही त्यानं काय करायचं, शेजाऱ्याचं मागून आणायचं?

तुला वाटेल म्हातारी पेटली आहे. तसं नाही. आमच्या इमारतीत तळमजल्याला एक बाई इस्त्रीचं दुकान चालवतात. त्यांना अक्षरं येतात पण जड जातात. प्रत्येक ताव मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. जिथे त्यांच्या कपाळाला आठी पडली ते वाक्य मी बदललं. सतराव्या तावावर तुमच्या मूळ मजकुरात आहे, "नोंदणीस कालमर्यादा लागू नाही." ते ऐकून बाईंनी इस्त्री उभी केली आणि विचारलं, "म्हणजे काही दिवसांनी फाईल फेकून देणार का?" तेव्हा मी ते खोडून लिहिलं: "एकदा नोंद केली की पुरे. तुमची फाईल बंद होत नाही." बाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "मला एक बहीण आहे." बारा वर्षं शेजारी राहते मी, हे मला माहीत नव्हतं.

अर्जाच्या शेवटी निरोपासाठी मोठी चौकट ठेव, आणि तिथे कुठल्याही भाषेत लिहू दे. माणूस बाकीचा फॉर्म कुणाकडून तरी भरून घेईल, निरोप स्वतःच्याच भाषेत लिहील.

आणि शेवटचा प्रश्न, सगळ्यात महत्त्वाचा. उद्या मूळ मजकूर बदलला तर मला कोण सांगणार?

तुझी,
अक्का

*

४ फेब्रुवारी २०२२

प्रिय अक्का,

तू कमाल आहेस! झेंडे काढले. चांदणी काढली. भाषा बदलली तरी माणूस त्याच पानावर राहतो, आणि देश बघून भाषा बदलणं बंद. आमच्या मॅडम (कार्यालयाच्या संचालक, कामाला कडक) बैठकीत म्हणाल्या, हे कुणाच्या डोक्यातून आलं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जरा वरमल्यासारखं झालं, पण छान वाटलं.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: मी सांगेन ना! मूळ पान बदललं की त्याच दिवशी तुला पत्र टाकणार. आपल्या भाषेचं पान एक दिवसही मागे राहणार नाही. बाकी नियम तुझे, हा एक माझा. आणि पानाखाली तुझं नाव घालतो, भाषांतर अमुक म्हणून. इस्त्रीवाल्या बाईंना सांग, पुढच्या महिन्यात साइट सुरू होतेय, पहिली नोंद त्यांचीच होऊ दे.

तुझा,
भुंग्या

*

२० मार्च २०२२

चि. भुंग्यास आशीर्वाद.

साइट बघितली. बरी आहे. "नोंद करा"चं बटण मोबाइलवर "नोंद क" एवढंच दिसतं, आपले शब्द लांब असतात, जरा ऐसपैस जागा सोड.

काल बाईंची नोंद केली. दुकान तासभर बंद ठेवून आल्या होत्या, केस विंचरून, जणू फोटोच काढायचाय. बाई बारा वर्षांच्या, बहीण सात. धरण फुटलं तेव्हा गाव रिकामं करायला ट्रक आले. बाईंनी बहिणीला पहिल्या ट्रकात चढवलं, जागा संपली म्हणून स्वतः मागच्या ट्रकात बसल्या. पुढे फाट्यावर एक ट्रक एका रस्त्याला गेला, दुसरा दुसऱ्या. त्याला पन्नास वर्षं झाली. आईवडील त्याच पाण्यात गेले. बाईंनी हे सगळं खमीस घडी करताना सांगावं तसं सांगितलं. निरोपाच्या चौकटीत काय लिहू म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी सापडू दे, मग बोलू."

त्यांनी माझी ती ओळ कागदावर उतरवून मागितली. आता ती इस्त्रीच्या टेबलाच्या वर भिंतीला चिकटवली आहे: एकदा नोंद केली की पुरे. येणारी-जाणारी माणसं विचारतात, ही कसली पाटी? मला आपलं उगाच फुलून आल्यासारखं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासली, हे पहिलं माझं वाक्य भिंतीवर लागलं.

पानाखाली माझं नाव दिसलं नाही. विसरला असशील. घाई नाही.

तुझी,
अक्का

*

११ ऑक्टोबर २०२२

भुंग्या,

आशीर्वाद लिहिणार होते, पण पेन तिथे थांबलं.

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी एक लेख आणून दिला. "अनेक भाषांत वेबसाइट बांधताना: सात नियम." वर तुझा हसरा फोटो, खाली तुझं नाव, त्याखाली "विभागप्रमुख". अभिनंदन. बढती झाल्याचं मला लेखातून कळलं.

पहिला नियम, भाषेला झेंडा नसतो. दुसरा, माणसाच्या वतीनं भाषा ठरवू नका. तिसरा, त्याच पानावर राहू द्या. दुकानातल्या दुसऱ्या रंगाचा दाखलासुद्धा जसाच्या तसा! मग आडनाव, मग ऐसपैस जागा, मग निरोपाची चौकट. सहाच्या सहा माझे, अरे, वाक्यं माझी. फक्त सातवा तुझा: "मूळ पान बदललं की त्याच दिवशी सगळ्या भाषांत बदललं पाहिजे." आयत्या बिळावर नागोबा, तोही टाय लावून.

मला नाव मिरवायचं नाही रे. पण तू स्वतःहून म्हणाला होतास, पानाखाली घालतो म्हणून. तेही नाही, आणि इथेही नाही. माझ्या घरात राहून तू काय काय नेलंस याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. पण विचारून नेत होतास.

यावर उत्तर नको. माफीचं तर अजिबात नको, मला त्यातल्या चुका काढत बसाव्या लागतील.

अक्का

*

४ एप्रिल २०२४

चि. भुंग्या,

दीड वर्षानं लिहिते आहे. तूही लिहिलं नाहीस. उत्तर नको म्हटलं ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. लहानपणी एवढा आज्ञाधारक असतास तर!

माझं काही काम नाही. इस्त्रीवाल्या बाईंचं आहे. कार्यालयाकडून त्यांना दर मार्चमध्ये छापील पत्र यायचं असतं, गेल्या वर्षी आलं होतं, "तुमचा शोध चालू आहे." एकच ओळ, पण बाईंनी ते पत्र इस्त्री करून ठेवलंय, थट्टा नाही, खरंच. यंदा मार्च उलटून गेला, आलं नाही. रोज टपालवाल्याला थांबवतात. फाईलचा क्रमांक ५-१ आहे, पाचव्या भाषेतली पहिली. तेवढं बघून कळव.

अक्का

*

१९ एप्रिल २०२४

प्रिय अक्का,

तुझं पत्र आलं आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू! किती दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मी बरा आहे. केस मात्र गेले, तू म्हणायचीस तसा आता मी खराखुरा भुंगा दिसतो. नवीन घर घेतलंय, खिडकीतून क्रेन दिसते, दिवसभर उचल-ठेव चालू असते. तुझे गुडघे कसे आहेत? मास्तर अजून तुला वर्तमानपत्र उसनं मागतात का? गॅलरीतला तो जाड्या बोका आहे की गेला?

बाईंच्या फाइलीचं म्हणशील तर कार्यालयात सध्या जुन्या फायली नव्या यंत्रणेत हलवणं चाललंय, त्यामुळे थोडं इकडचं तिकडे झालंय. मी जातीनं लक्ष घालतोय. बाईंना सांग, काळजीचं कारण नाही. थोडा वेळ लागेल इतकंच. पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो.

आमच्याकडे हवा छान आहे.

तुझा,
भुंग्या

*

२७ एप्रिल २०२४

भुंग्या,

तू सातवीत असताना सुट्टीत माझ्याकडे येऊन माझा चष्मा मोडलास, त्या दिवशी तू मला शाळेतली प्रार्थना, वर्गातली भांडणं आणि डब्यातली भाजी, सगळं सांगितलंस. मी म्हटलं, हा एवढा का बोलतोय? मग चष्मा सापडला, गादीखाली.

तुझ्या पत्रात बोका आहे, क्रेन आहे, हवा आहे. फाईल कुठे आहे?

बाईंना मी तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. मला वाटतं, बहीण पूर्वीच कधी गेली असं तुला कळलंय आणि तुला ते लिहवत नाही. तसं असेल तर लिही. बाई खंबीर आहेत. पन्नास वर्षं वाट बघणाऱ्याला वाईट बातमीसुद्धा चालते रे, काहीच न कळणं चालत नाही.

अक्का

*

६ मे २०२४

प्रिय अक्का,

बस आणि मग वाच.

गेल्या वर्षी जानेवारीत कार्यालयानं नियम बदलला. फायली फार झाल्या म्हणून ठरलं की प्रत्येकानं वर्षातून एकदा साइटवर जाऊन "शोध चालू ठेवा" हे बटण दाबायचं. तीस जूनपर्यंत दाबलं नाही तर फाईल बंद. बंद फाईल कुणाशी जुळवून बघत नाहीत. चार भाषांची पानं त्याच दिवशी बदलली. पाचवं पान बदलायला मला तुला पत्र लिहावं लागलं असतं.

मी लिहायला बसलो होतो. "प्रिय अक्का" लिहिलं, आणि पुढे आधी माफी मागू की आधी काम सांगू हे सुचेना. काम सांगितलं तर म्हणशील, गरज पडली की आठवते. म्हटलं, रविवारी नीट लिहू. मग पुढच्या रविवारी. मॅडमनी विचारलं, पाचवं पान झालं का? मी म्हटलं, भाषांतर यायचंय. पुढे त्यांनी विचारणं सोडलं आणि मीही स्वतःला विचारणं सोडलं. आपल्या भाषेचं पान पंधरा महिने तुझीच जुनी ओळ सांगत राहिलं. एकदा नोंद केली की पुरे.

बाईंची फाईल गेल्या तीस जूनला बंद झाली.

सप्टेंबरमध्ये, म्हणजे अडीच महिन्यांनी, दुसऱ्या एका देशातून एक नोंद आली. नोंद करणाऱ्या बाईचं वय साठच्या आतलं. धरण, ट्रक, आईवडिलांची नावं, मोठ्या बहिणीचं नाव, सगळं तेच. अर्ज तिच्या मुलानं कार्यालयाच्या भाषेत भरला होता. यंत्रणेनं उघड्या फायली चाळल्या आणि उत्तर पाठवलं, "आपल्या नातलगाची नोंद आढळली नाही." या फेब्रुवारीत मुलाचं पत्र आलं. आई गेली, शोध थांबवावा.

पाच महिने, अक्का. पाच महिने दोघी जिवंत होत्या आणि दोन्ही कागद एकाच इमारतीत होते.

तुझं एप्रिलचं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा बंद फायली उघडून बघितल्या. आपल्या भाषेतल्या एकतीस बंद पडल्या होत्या. सगळ्या उघडल्या, सगळ्यांना पत्रं पाठवली. तीस जणांचं काही बिघडलं नव्हतं.

अजून एक आहे. निरोपाची चौकट. तुझ्या सांगण्यावरून ठेवली होती ना? बहिणीनं त्यात स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहून त्याचा फोटो जोडला होता. कार्यालयातल्या कारकुनाला ती अक्षरं वाचता येईनात, म्हणून त्यानं शेरा मारला, "अन्य भाषा." त्या इमारतीत ती भाषा वाचणारा एकटा मी. आठवड्यातून दोनदा त्याच जिन्यानं चढतो-उतरतो. मला कुणी दाखवलं नाही, कारण विचारायचं कुणाला हे मी कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं.

अक्षर सात वर्षांच्या मुलीचं आहे. शाळा तिथेच सुटली असणार. लिहिलंय:

"ताई, ट्रकात जागा होती. मी सरकून बसले होते."

मॅडमना सगळं सांगितलं. लेख काढून टाकला. त्यांनी मला या कामावरून काढलं नाही, आणि ते मला जास्त जड जातंय. नियमाप्रमाणे बाईंना छापील पत्र जायला हवं. मी हातापाया पडून महिनाभर थांबवून घेतलंय. छापील कागदातून कळू नये असं वाटतं. पण त्यांना तू सांगावंस, हे म्हणायचं तोंड मला नाही. मी येऊन सांगू का? तू म्हणशील त्या गाडीनं निघतो.

माफीत चुका काढशील म्हणून ती लिहीत नाही.

भुंग्या

*

१२ जून २०२४

भुंग्या,

महिना लावला. तुझ्यावर रागावून नाही. मला एक गोष्ट लिहायची होती, आणि ती कागदावर उतरत नव्हती.

तू येऊ नकोस असं मनात म्हटलं, कारण तू आला असतास तर सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं असतंस आणि मी घेऊ दिलं असतं. म्हणून आता ऐक.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाई एक चिठ्ठी घेऊन वर आल्या होत्या. कार्यालयाच्या भाषेतली, छापील. "नोंद चालू ठेवण्याविषयी. तपशील साइटवर आपापल्या भाषेत पाहावा." एवढंच. बाई म्हणाल्या, "काही करायचं आहे का बघा, मला धास्ती वाटते." मी चष्मा लावला, साइट उघडली, आपल्या भाषेचं पान काढलं. माझी ओळ होती तिथे. मी बाईंना तीच पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवली आणि म्हटलं, "असली पत्रकं सगळ्यांना पाठवतात हो. हे बघा, इथे स्पष्ट लिहिलंय. मीच लिहिलंय!" बाई हसल्या. चिठ्ठी मी मासिकात खूण म्हणून घातली.

मला कार्यालयाची भाषा येते. बोटभर सरकवलं असतं तर शेजारचं पान दिसलं असतं. तीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले, मुद्रित मुळाशी ताडून बघा, स्वतःच्या आठवणीवर जाऊ नका. आणि माझ्याच वाक्यावर मी अशी भाळले की मूळ बघितलंच नाही. खरं सांगू? मनात पाल चुकचुकली होती. वाटलं, भुंग्याला एक ओळ टाकून विचारावं. मग म्हटलं, मी का आधी लिहू? त्यानं लिहावं. तू रविवार मोजत होतास, मी तुझ्या पत्राची वाट बघत होते, आणि खाली बाई आपल्या दोघांच्या भरवशावर निवांत कपडे इस्त्री करत होत्या.

तुझं पत्र आलं त्याच्या चौथ्या दिवशी खाली गेले. दुकानाचं दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. तुझं सांगितलं, माझंही सांगितलं, चिठ्ठी दाखवली. बाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मला म्हणाल्या, "तुम्ही वर जा आता."

नऊ दिवस बोलल्या नाहीत. माझे कपडे टोपलीतून तसेच चुरगळलेले परत आले. मला ते बरोबर वाटलं. भिंतीवरचा कागद काढतील म्हणून रोज जाता-येता बघायचे. काढला नाही. ते जास्त लागायचं.

दहाव्या दिवशी वर आल्या, उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "तिचा निरोप पुन्हा वाचा." वाचला. "सरकून बसले होते?" म्हणाल्या. मग खाली बसल्या, आणि जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"जागा नव्हती म्हणून मी मागे राहिले, असं मी सगळ्यांना सांगत आले. नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, तुम्हाला सांगितलं. जागा होती हो. तिला चढवलं आणि माझी एक चप्पल चिखलात रुतली. नवी होती. मी म्हटलं, एवढी काढते आणि आलेच. वळून बघते तर ट्रक निघाला होता. तिला वाटलं असेल, ताई आपल्याला टाकून गेली. पण बघा, ती सरकून बसली होती. येणार म्हणून."

मी रडले. त्या नाही रडल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यावर राग आहे माझा. त्या पोरावर पण आहे. पण चप्पल मीच काढायला गेले होते." ही क्षमा नाही, भुंग्या, तसं समजू नकोस. मीही समजत नाही.

भाच्याला पत्र लिहायचं आहे त्यांना. त्या सांगतील, मी लिहीन, त्याच्या भाषेत तू करून दे. आणि यावेळी केलेलं माझ्याकडे पाठव, मी मुळाशी ताडून बघेन.

पाचव्या पानाचा मजकूर सोबत आहे. ती ओळ खोडली. नवीन अशी: "दर वर्षी शोध चालू ठेवा. विसरलात तर आम्ही आठवण करू." दुसरं वाक्य मूळ मजकुरात नाही, ते मी घातलंय. मॅडमना सांग, भाषांतर नाही, अट आहे. पानाच्या वर तारीख घाल, हे पान कधी बदललं त्याची, आणि मूळ पान त्यानंतर बदललं असेल तर लाल अक्षरात तसं लिहून येऊ दे. आणि आता माझं नाव घाल खाली, पत्त्यासकट. मिरवायला नाही. कुणाला शंका आली तर विचारायला दार हवं.

शेवटचं. बाई विचारतात, त्यांची फाईल उघडी ठेवता येईल का? मी म्हटलं, बाई, आता कशासाठी? तर म्हणाल्या, "तिनं शोधलं तेव्हा माझी बंद होती. आता माझी उघडी राहू दे." नियमात बसत नसेल हे मला कळतं. तू बघ.

अक्का

*

२५ जून २०२४

प्रिय अक्का,

तुझं चिठ्ठीचं वाचलं. त्यावर काही लिहीत नाही, तू मला माफी लिहू दिली नाहीस, तीच मीही तुला लिहू देत नाही असं समज.

पान बदललं. तारीख घातली, नाव घातलं, पत्ता घातला. अटीचं वाक्य मॅडमनी बाकी चार भाषांतही करून घ्यायला सांगितलं आहे. पहिल्यांदाच आपलं पान मूळ ठरलं.

भाच्याचा पत्ता मिळाला. त्यानं विचारलंय, मावशीला कुठली भाषा येते? मी तुझा पत्ता दिला आहे.

बाईंची फाईल उघडली. ज्याला शोधतोय तो नाही असं माहीत असताना फाईल ठेवायची सोय यंत्रणेत नाही. म्हणून "शोध चालू" या शब्दांपुढे मी हातानं खूण केली आहे. ती दर वर्षी नव्यानं करावी लागेल, नाहीतर तीस जूनला आपोआप बंद होईल. "मी सांगेन ना" असं लिहून खोडलंय, वर दिसेल तुला. त्याऐवजी पुढच्या वर्षीचं पाकीट आजच तयार केलं. बाईंचा पत्ता, तिकीट, आत एक ओळ: तुमचा शोध चालू आहे. टेबलावर पडद्यासमोर ठेवलंय, रोज उचलून बाजूला केल्याशिवाय काम सुरू करता येत नाही.

तुझा,
भुंग्या